कामून?

आमच्या समोरच्या काकूंना एकच प्रश्न येतो, पण तो अगदी तोंडपाठ येतो. "कामून?"

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी खुलासा करतो. कामून म्हणजे का, कशासाठी, कोणत्या कारणानं आणि आम्हाला न सांगता कसं काय, हे सगळं एका शब्दात. सकाळी दुधाची पिशवी घेऊन आलो की, "आज अर्धाच लिटर? कामून?" स्कूटर काढली की, "हेल्मेट घातलं? कामून, लांब चाललात का?" एकदा मी गॅलरीत नुसता उभा होतो, तर खालून आवाज आला, "नुसतेच उभे? कामून?" या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. साठी उलटल्यावर असे प्रश्न जिव्हारी लागतात.

आमचं छत्रपती संभाजीनगर म्हणजे ५२ दरवाजांचं शहर. मलिक अंबरानं १६१० मध्ये खडकी वसवली, १६१२ मध्ये भडकल गेट बांधलं, पुढं मुघल आले, तट आले, दरवाजे वाढले. पाहुणे आले की आम्ही त्यांना उरलेले दरवाजे दाखवतो. पाहुणे कमानीखाली फोटोला उभे राहतात आणि मधून एक रिक्षा जाते. यातला एकही दरवाजा बंद झालेला मी माझ्या आयुष्यात पाहिलेला नाही. शहरानं तेवढं मात्र मनावर घेतलं. इथं कुणाचंच दार लागत नाही आणि लागलं तर लोक वाजवून विचारतात, बरं नाही का?

त्यामुळं खासगीपणा, गोपनीयता वगैरे शब्द आम्ही फक्त दहावीच्या पेपरफुटीच्या बातमीत वाचायचो. दिवाळीला हिंजवडीहून भाचा आला आणि हे सगळं बदललं.

भाचा संगणक इंजिनियर आहे. आल्या आल्या लोक पाणी मागतात, यानं माझा फोन मागितला. दहा मिनिटं त्यात बोटं फिरवली आणि डॉक्टर एक्स-रे बघताना करतात तसा चेहरा केला.

"मामा, तुमचा फोन तुमच्यावर पाळत ठेवतोय."

"ठेवू दे. काकूंना तेवढीच मदत."

"तसं नाही. तुम्ही कुठं गेलात, किती वाजता, किती वेळ थांबलात, सगळं लिहून ठेवलंय. १४ महिन्यांचं आहे. मामी, तुम्हीही बघा."

ही कणकेचे हात पुसत आली. पडद्यावर शहराचा नकाशा होता आणि त्यावर लाल ठिपक्यांची रांगोळी. भाचा कीर्तनकारासारखा निरूपण करू लागला. हे घर. ही बँक. हा घाटी दवाखाना, पेन्शनरांची तपासणी. हे पुन्हा घर.

"आणि हे दर मंगळवारी सुपारी हनुमान."

"मंगळवारी?" ही म्हणाली. "मारुतीला तर हे शनिवारी जातात."

भाच्यानं दोन बोटांनी नकाशा ताणला. त्या क्षणी त्याचा फोन वाजावा, लाइट जावी, गेला बाजार भूकंप तरी व्हावा, असं मला फार वाटलं. "मंदिर नाही मामी, जरा अलीकडं. गुलमंडी. दर मंगळवारी, संध्याकाळी साडेपाच, सरासरी २७ मिनिटं."

गुलमंडीवर माणूस एका जागी २७ मिनिटं कशासाठी उभा राहतो, हे या शहरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. इमरती. उडदाच्या डाळीची, तुपातली, पाकातून नुकतीच काढलेली. मला सहा वर्षांपासून मधुमेह आहे. तीन महिन्यांची साखर हलत का नाही म्हणून डॉक्टर गोळ्या वाढवत होते, आणि कारल्याचा रस कमी पडतोय म्हणून ही रस वाढवत होती. एका मंगळवारच्या इमरतीसाठी मी उरलेले सहा दिवस कारलं पीत होतो.

भाच्याला वाटलं होतं, मामी हादरेल आणि म्हणेल, बाई गं, परदेशातल्या कंपनीला आपलं सगळं कळतं! ही हादरली, पण कंपनीचा तिला राग आला नाही. उलट इतक्या वर्षांनी घरात कुणीतरी खरं बोलणारं भेटलं, असा भाव तिच्या चेहऱ्यावर उमटला.

"हे आत्ताच्या आत्ता बंद करतो," भाचा म्हणाला.

"बंद कामून करायचं? हे माझ्या फोनवर दिसेल असं करता येतं का?"

करता येतं. आणि ते त्या नालायकानं सांगितलं.

माझी बाजू मांडायला मग भाच्यानं थेट सर्वोच्च न्यायालयालाच उभं केलं. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं निकाल दिला, की खासगीपणा हा माणसाचा मूलभूत हक्क आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी आधारच्या विरोधात केलेल्या अर्जातून तो आला. त्या नऊ जणांत आपले नागपूरचे शरद बोबडे होते आणि धनंजय चंद्रचूडही होते. आणीबाणीत, १९७६ मध्ये, जबलपूर खटल्यात बहुमताच्या बाजूनं उभे राहिलेल्या न्यायमूर्तींत त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड होते. आणीबाणीत माणसाला जगण्याच्या हक्कासाठीही कोर्टाचं दार वाजवता येणार नाही, असा तो निकाल. तो चुकीचा होता, असं ४१ वर्षांनी मुलानं आपल्या निकालपत्रात लिहिलं. मला त्यातलं कायद्याचं फारसं कळलं नाही. पण बापाचा शब्द फिरवायला मुलानं ४१ वर्षं थांबावं, हे वाचून भरून आलं. आमच्या घरी चार मिनिटं लागतात.

"नऊ न्यायमूर्ती म्हणाले म्हणून इमरतीची भाकरी होत नाही," ही म्हणाली आणि आत गेली.

त्या रात्री मी ठरवलं, भाचा म्हणतो ते खरं. मोठ्या कंपन्यांना सोडचिठ्ठी द्यायची. (तत्त्वासाठी. मंगळवारसाठी नव्हे.)

पहिला क्रमांक व्हॉट्सअ‍ॅपचा लागला. हा प्रयोग मराठी कुटुंबांनी एकदा करून पाहिलेला आहे. २०२१ च्या जानेवारीत सगळ्यांच्या फोनवर सूचना आली: आमच्या नव्या अटी ८ फेब्रुवारीपर्यंत मान्य करा, नाहीतर वापर बंद. देशभर घबराट. इलॉन मस्क यांनी दोन शब्दांत सांगितलं, सिग्नल वापरा. इतके लोक तिकडं धावले, की १५ जानेवारीला सिग्नलच कोलमडलं. आमच्या घरच्या ग्रुपवरही 'व्हॉट्सअ‍ॅप ताबडतोब सोडा' हा संदेश ११ जणांनी पाठवला. व्हॉट्सअ‍ॅपवरून. सगळे शिस्तीत सिग्नलवर गेले. चौथ्या दिवशी थोरल्या काकांनी तिथं सूर्योदय, गुलाब आणि सुप्रभात टाकलं. उत्तरादाखल एकही गुलाब आला नाही. काका दुखावले, परत गेले, आणि काकांच्या मागून सगळं घराणं परत गेलं. कंपनीनं मुदत १५ मे केली. तोवर आंबे आले होते, आणि आंब्याच्या दिवसांत मराठी माणूस अटी वाचत नाही. पुढं २०२४ च्या नोव्हेंबरात भारतीय स्पर्धा आयोगानं याच अटींबद्दल मेटा कंपनीला २१३ कोटी १४ लाखांचा दंड ठोठावला. प्रकरण अपिलात गेलं. आमचे काका तोवर सुप्रभातवरून शुभरात्रीपर्यंत पोचले होते.

"पण भाचेराव," मी म्हणालो, "व्हॉट्सअ‍ॅपला पण कुलूप असतं म्हणे. आपला मजकूर त्यांनाही वाचता येत नाही."

"बरोबर. आणि कुलूप सिग्नलनंच बनवलेलं आहे. दोन्हीकडं तेच."

मग फरक काय, तर तो त्यानं मला नीट समजावला. मी पाटबंधारे खात्यात ३१ वर्षं आवक-जावक सांभाळलेला माणूस, मला लगेच पटलं. पोस्टकार्ड पोस्टमन वाचतो. आंतर्देशीय वाचत नाही, पण ते कुणी कुणाला, कुठून, कितव्यांदा पाठवलं, हे त्याला दिसतंच. आमच्या काकूंचं सगळं शास्त्र यावरच उभं आहे. शेजारच्या वहिनी फोनवर काय बोलल्या, हे त्यांना कळत नाही. पण रोज दुपारी तीनला, गच्चीवर जाऊन, ४० मिनिटं बोलल्या, एवढं कळतं. बाकीचं गल्ली लावून घेते. मजकूर बंद पाकिटात असला तरी पाकिटाचा बाहेरचा भाग कंपनीला पुरतो.

सिग्नल पाकिटाचा बाहेरचा भागही ठेवत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत सरकारनं त्यांच्याकडं दोन फोन नंबरांची माहिती मागितली, तर त्यांच्यापाशी द्यायला दोनच गोष्टी निघाल्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी वापरलं. आमच्या गल्लीत असा माणूस असता तर त्याच्याशी कुणी बोललंच नसतं. आणखी एक गंमत. ब्रायन अ‍ॅक्टन हे व्हॉट्सअ‍ॅपच्या दोन जन्मदात्यांपैकी एक. २०१४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप फेसबुकला विकलं, २०१७ मध्ये बाहेर पडले आणि २०१८ मध्ये पाच कोटी डॉलर घालून सिग्नलची संस्था उभी केली. म्हणजे ज्यानं वाडा बांधून विकला, तोच समोर धर्मशाळा काढून बसला आणि म्हणतो, तिकडं जाऊ नका, भिंतींना कान आहेत.

एवढं ऐकल्यावर मी व्हॉट्सअ‍ॅप काढून टाकलं. सिग्नलवर आमचा ग्रुप झाला. सदस्य तीन: मी, भाचा आणि भाच्याचा एक मित्र, ज्याला मी आजही ओळखत नाही. अतिशय सुरक्षित ग्रुप. तिथं काय बोललं जातं ते सीआयएला कळणार नाही, कारण तिथं काहीच बोललं जात नव्हतं.

पाचव्या रात्री घात झाला.

आमच्या शहरात पाणी रोज येत नाही. पन्नासेक किलोमीटरवर पैठणला नाथसागर तुडुंब भरलेला असतो आणि आम्ही नळाला कान लावून बसलेले असतो. चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरानं जमिनीखालून नहर आणली, पुढं तशाच दुसऱ्या नहरीनं पाणचक्कीला पाणी आलं, ते अजून वाहतं, पर्यटक त्याचे फोटो काढतात. आमच्याकडं मात्र पाणी काही दिवसांनी, अवेळी येतं. ते आलं की लाइनमनचा फोन गल्लीतल्या एकाला येतो आणि तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोनच शब्द टाकतो: 'पाणी आलं'. भूपाळी वाजल्यासारखे दिवे लागतात, मोटारी सुरू होतात. त्या रात्री दोन चाळीसला पाणी आलं. गल्ली उठली. आमच्या घरी मी, जगातल्या सर्वांत सुरक्षित संदेशप्रणालीसह, गाढ झोपलेलो होतो.

सकाळी टाकी कोरडी. पाटबंधारे खात्याचा निवृत्त माणूस हातात बादली घेऊन काकूंच्या दारात.

"पाणी भरलं नाही? कामून?"

व्हॉट्सअ‍ॅप परत आलं. दरम्यान कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारानं स्वदेशी म्हणून अरट्टै घ्यायला लावलं. चेन्नईच्या झोहो कंपनीचं ते अ‍ॅप. अरट्टै म्हणजे तमिळमध्ये गप्पा. २०२५ च्या सप्टेंबरात केंद्रीय मंत्र्यांनी स्वदेशीचा पुकारा केल्यावर त्याच्यावर एकच झुंबड उडाली होती. भाचा म्हणाला, तेव्हा त्यात कॉलला पुरतं कुलूप होतं, साध्या लेखी मजकुराला नव्हतं. दुकानदार म्हणाला, गप्पाच मारायच्या तर कुलूप कशाला? अशा रीतीनं एका अ‍ॅपपासून मुक्ती मिळवायला निघालेल्या माझ्याकडं आता तीन अ‍ॅप झाली आणि तिन्हींवर काकांचे गुलाब येऊ लागले.

नकाशाचा प्रयोग मात्र मनापासून आवडला, म्हणून जरा थांबून सांगतो.

आमच्या शहराच्या नावाचा प्रश्न किती नाजूक, हे बाहेरच्यांना सांगायला नको. २०२२ च्या जुलैत केंद्राची मंजुरी यायच्या कितीतरी आधी गुगलच्या नकाशावर बदललेलं नाव झळकलं आणि एकच गदारोळ उडाला. मंजुरी आली २०२३ च्या फेब्रुवारीत. नाव कुठलं हवं यावर आमच्या कट्ट्यावर दोन तट होते. पण नकाशावर गावाचं नाव काय दिसावं, हे कॅलिफोर्नियातलं कुणीतरी ठरवतं, ही गोष्ट दोन्ही तटांना सारखीच झोंबली.

भाचा म्हणाला, याला पर्याय आहे. ओपनस्ट्रीटमॅप. २००४ मध्ये इंग्लंडात सुरू झालेला, लोकांनी लोकांसाठी काढलेला नकाशा. कुणीही भर घालावी, कुणीही फुकट वापरावा. त्यावर आमची गल्ली उघडली. गल्ली होती, पण गल्लीत काहीच नव्हतं. नुसती एक रेघ.

मी आठ दिवस चष्मा लावून बसलो. पिंपळाचा पार घातला. पिठाची गिरणी घातली. बंद पडलेल्या हातपंपाची जागा घातली. पावसाळ्यात जिथं गुडघाभर पाणी साचतं तो कोपरा घालायचा होता, पण त्याला चिन्ह नव्हतं. ३१ वर्षं सरकारी नकाशांवर शिक्के मारले, एक रेघ काढायचा अधिकार नव्हता. इथं कुणी विचारलंसुद्धा नाही. बातमी पसरली आणि लोक अर्ज घेऊन येऊ लागले. एकांना बंगल्याचं नाव हवं होतं. एकांना शेजाऱ्याच्या बंगल्याचं नाव नको होतं. काकू आल्या, चष्मा लावून पाच मिनिटं पडदा न्याहाळला आणि म्हणाल्या, "गिरणी दाखवली, माझं घर नाही. कामून?" मी सांगितलं, या नकाशात माणसांची घरं नावानिशी दाखवायची नाहीत, असा संकेत आहे. कुणाच्या घरात कोण राहतं ही खासगी बाब. काकूंना हे इतकं अपमानास्पद वाटलं, की दोन दिवस त्यांनी मला कामून विचारलं नाही.

यानं धीर चेपला आणि मी भाच्याला हो म्हणून बसलो. त्यानं माझ्या फोनची सगळी यंत्रणाच काढून नवी, मुक्त, कुठल्याही कंपनीला न बांधलेली यंत्रणा घातली. फोन स्वच्छ झाला. इतका स्वच्छ, की बँकेच्या अ‍ॅपनं दारातूनच परत पाठवलं: सुरक्षेच्या कारणास्तव हे अ‍ॅप या फोनवर चालणार नाही. म्हणजे पाळत काढली म्हणून फोन असुरक्षित! इथल्या कॅनॉट बाजारात चहा प्यालो, पैसे देताना स्कॅन होईना, सुटे नाहीत. चहावाल्यानं उधारी मांडली. नाव विचारलं, गल्ली विचारली, फोन नंबर विचारला. सगळं वहीत लिहिलं.

भाचा तोवर पुण्याला गेलेला. मी फोन घेऊन पैठण गेटला गेलो. मोबाइलचा कुठलाही आजार असो, आमच्या शहरात शेवटचा उपाय पैठण गेट. दुकानातल्या पोरानं फोन उलटसुलट केला.

"साब, इत्ता अच्छा फोन था. ये क्या करके रखे?"

"भांजे ने करा."

"इंजिनियर है क्या?"

"हौ."

"तभीच."

'घंटे भर में आव' म्हणून त्यानं माझा दुसरा नंबर घेतला, जो हिच्या जुन्या फोनमध्ये असतो, आणि खात्रीसाठी लावून पाहिला. त्याच्या पडद्यावर, अनोळखी नंबरांची नावं सांगणाऱ्या एका अ‍ॅपच्या कृपेनं, माझं नाव उमटलं. पोरगं मोठ्यानं वाचू लागलं.

"'पाटबंधारेवाले चिडके, उधार नक्को'. साब, ये आप हैच क्या?"

दुकानातल्या सहा गिऱ्हाइकांनी वळून पाहिलं. मी हैच होतो. कुण्या दुकानदारानं कधीतरी माझा नंबर या नावानं साठवला असणार, आणि आपली अख्खी यादी त्या अ‍ॅपला देऊन मोकळा झाला असणार. त्या दिवशी मला कळलं, की मी एकट्यानं दार लावून काही होत नाही. माझी किल्ली तीनशे लोकांच्या खिशात आहे आणि ते सगळे 'मान्य आहे' दाबत सुटले आहेत.

फोन पूर्वीसारखा झाला. खिन्न मनानं भेळ घेतली. पुडी उघडली, तर कागद म्हणजे कुणाच्या तरी आधारकार्डाची झेरॉक्स. फोटो, जन्मतारीख, पत्ता, वर चिंचेची चटणी. मी आधी ती माहिती खरवडून काढली आणि मग भेळ खाल्ली. आधार ज्या खात्याचं, त्याच्याच बंगळूरच्या कार्यालयानं २७ मे २०२२ रोजी पत्रक काढलं होतं, की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका. देशभर लोक दचकले, कारण तोवर हॉटेलापासून सिमकार्डापर्यंत सगळीकडं ती वाटून झाली होती. दोन दिवसांत पत्रक मागं घेतलं: गैरसमज नको, नेहमीची काळजी घ्या. आमची नेहमीची काळजी म्हणजे झेरॉक्सवर सही करून खाली तारीख टाकणं. तीही कधीकधी.

घरी येताना वाटलं, आपल्याला कुलूप माहीतच नव्हतं का? तर असं मुळीच नाही. वेरूळ इथून तीसेक किलोमीटर. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी वेरूळला राहिले, पैठणला राहिले. त्यांच्या आठवणींचं लीळाचरित्र हा मराठीतला पहिला गद्य ग्रंथ मानतात. महानुभाव पंथानं पुढं आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत बंद केले: सकळ, सुंदरी अशी त्यांची नावं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी उलगडा करेपर्यंत, पाचशेहून जास्त वर्षं, बाहेरच्या माणसाला त्यातलं अक्षर लागलं नाही. एवढं टिकलेलं कुलूप कुठल्या कंपनीचं आहे? आणि मराठवाड्यातल्या कुठल्याही बैलबाजारात जा. दलाल आणि शेतकरी उपरण्याखाली हात घालतात, बोटं धरतात, भाव ठरतो. भोवती पन्नास माणसं दाटीनं उभी, एकालाही आकडा कळत नाही. कुठं नोंद नाही. उपरणं झटकलं की पुरावा संपला. ज्या समाजाला बैलाचा भाव झाकायचं कळत होतं, त्यानं आपल्या आजाराचा, पगाराचा आणि मंगळवारचा हिशेब एका 'मान्य आहे'वर देऊन टाकावा?

आता काकू आणि कंपनी यांत फरक काय, असं भाच्यानं मला फोनवर विचारलं. दोघंही पाळतच ठेवतात की!

मी बराच विचार केला. काकू निरुपद्रवी आहेत, असं मी म्हणणार नाही. माझ्या मुलीला विचारा. कॉलेजात असताना तिला क्लासहून यायला उशीर झाला की कामून. मैत्रिणीच्या भावानं सोडलं की कामून. ती आज पुण्यात राहते आणि म्हणते, "बाबा, इथं मला कुणी काही विचारत नाही. मी त्यासाठीच इथं आहे." हा कामूनचा हिशेब आहे आणि तो आम्ही सगळ्यांनी मिळून भरायचा आहे.

पण मागल्या वर्षी रात्री दोनला माझ्या छातीत दुखलं, तेव्हा आमच्या घरातला दिवा पाहून पहिल्या धावत आल्या त्या काकू. कामून विचारलं, आणि उत्तर ऐकायच्या आत रिक्षा आणली. (पित्त निघालं. मंगळवार होता.) मी दवाखान्यात आहे हे माझ्या फोनलाही कळलं होतं. त्यानं दुसऱ्या दिवशी आरोग्यविम्याची जाहिरात दाखवली. शिवाय काकूंचं सगळं मलाही ठाऊक आहे. त्यांचा गुडघा, त्यांच्या सुनेशी अबोला, त्यांची भिशी. चौकशी दोन्ही बाजूंनी चालते आणि मी काकूंना उलट विचारू शकतो, कामून? त्यांना उत्तर द्यावं लागतं. कंपनीला माझं सगळं ठाऊक, मला तिच्या दाराचा नंबरही ठाऊक नाही आणि तिला कामून विचारायची सोय नाही.

सोय नव्हती, असं म्हणायला हवं. २०२३ च्या ऑगस्टात आपल्याकडं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आले, अंमल टप्प्याटप्प्यानं होतो आहे. भाच्यानं त्यातलं कलम वाचून दाखवलं. तुमची माहिती घेणाऱ्यानं आधी सांगितलं पाहिजे, की कोणती माहिती घेतोय आणि कोणत्या कारणासाठी. हे सांगणं घटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या २२ पैकी कुठल्याही भाषेत मागता आलं पाहिजे. म्हणजे मराठीतही. मी ऐकतच राहिलो. एवढा जाडजूड कायदा, आणि त्याचा गाभा आमच्या काकूंच्या एका शब्दाएवढा.

परवा एका दुकानात शर्ट घेतला. काउंटरवरच्या पोरानं मान वर न करता विचारलं, "मोबाइल नंबर?" दुकानदारांनी नंबरासाठी अडून बसू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं २०२३ च्या मे महिन्यातच बजावलेलं आहे. पण मला खातं आठवलं नाही, काकू आठवल्या.

"कामून?" मी म्हणालो.

पोरानं मान वर केली. त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं. "सिस्टीम मागते, काका."

"सिस्टीमला कामून पाहिजे?"

त्यानं थोडा विचार केला, दहा वेळा नऊ दाबलं, आणि बिल निघालं.

मी व्हॉट्सअ‍ॅप सोडलेलं नाही. पाणी तिथंच येतं. मंगळवारही ही फोनवर बघते, त्यामुळं इमरती बंद आणि साखर खाली आली आहे, हेही कबूल करतो. पण नंबर, झेरॉक्स, अंगठा कुणीही मागितला तर द्यायच्या आधी एवढा एक शब्द विचारून बघा. तुमच्या गावाकडं त्याला 'कशाला' म्हणत असतील, 'का म्हणून' म्हणत असतील. आमच्याकडचा हवा असेल तर तोही घ्या. फुकट आहे आणि त्यासाठी काही मान्य करावं लागत नाही.